शंभर मीटर गेले कुठे? नकाशाच्या आकड्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मोबाइलच्या जीपीएसवर लिहिलं तर प्रश्नांचा ढीग आला, आणि त्यातले निम्मे एकाच जातीचे: इथले आकडे तिथे टाकले आणि जागाच हलली, असं कसं. त्यातले पाच घेतलेत, बाकीच्यांना यातच उत्तर सापडेल बहुतेक.

नमस्कार ताई, आमचा ट्रेकचा ग्रुप आहे. माझ्याकडे काकांच्या वेळच्या जुन्या टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) आहेत, ४७ एफ/११ आणि ४७ एफ/१२. स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश टाकून बसवल्या. पण तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे गेलो होतो तो जीपीएसचा ट्रॅक त्यावर टाकला तर तो धार सोडून उतारावरून जातोय! जीपीएस गंडलाय की माझं स्कॅनिंग? (एक वाचक, पुणे)

दोन्ही ठीक आहे हो. गडबड तिसरीकडेच आहे. तुम्ही शीट बसवताना सॉफ्टवेअरने विचारलं असणार सीआरएस, म्हणजे आकडे मोजायची पद्धत, कोणता, आणि तुम्ही सगळेच करतात तसं डब्ल्यूजीएस ८४ म्हणजे ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हा त्या पद्धतीचा यादीतला नंबर) निवडून पुढे गेला असणार. आता मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ मध्येच बोलतो हे खरं, पण तुमची शीट त्यात नाहीये ना. जुन्या शीट जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० सालच्या लंबगोलावर (म्हणजे पृथ्वीचा धरलेला चपटा गोल आकार) आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. म्हणजे १८ अंश १६ मिनिटं हा आकडा दोन्हीकडे छापलेला असला तरी जमिनीवर दोन्हीकडे तो वेगवेगळ्या ठिकाणी पडतो.

कारण असं, की त्या काळी सॅटेलाइट वगैरे काही नव्हतं, त्यांना आपल्या देशापुरता नीट बसेल असा लंबगोल हवा होता आणि तो त्यांनी बसवला, छानच बसवला, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळतोय की नाही हे बघायची तेव्हा सोयच नव्हती. डब्ल्यूजीएस ८४ चा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यावर धरलेला आहे. या दोन मध्यांमधलं अंतर भारत-नेपाळसाठी एक्स २९५ मीटर, वाय ७३६ मीटर आणि झेड २५७ मीटर असं प्रसिद्ध आहे. घाबरू नका, जमिनीवर तेवढं सरकत नाही, कारण लंबगोलाचा आकारही वेगळा आहे आणि बरंचसं एकमेकांत कटतं. तोरणा-राजगडच्या भागाचा हिशोब केला तर उत्तर-दक्षिण साधारण शंभर मीटर आणि पूर्व-पश्चिम ऐंशीच्या आसपास निघतात. जीपीएसचे आकडे जसेच्या तसे जुन्या शीटवर टाकले की बिंदू खऱ्या जागेच्या वायव्येला सरकतो, तुमचा ट्रॅकही वायव्येलाच सरकलेला दिसेल, बघा. १:५०,००० च्या शीटवर हे जेमतेम अडीच मिलिमीटर आहे, म्हणून कागदावर कुणाच्या डोळ्यात यायचं नाही, पण सह्याद्रीच्या धारेवर सव्वाशे मीटर बाजूला म्हणजे कडाच की.

आता करायचं काय. शीट परत बसवा, आकडे तेच टाका, फक्त सीआरएस कल्याणपूर १९७५ निवडा, ईपीएसजी ४१४६. मग त्यावर ट्रॅक ओढला की सॉफ्टवेअर स्वतःच मधला फरक काढतं. आणि फक्त चार कोपरे घेऊन साध्या लिनियर पद्धतीने बसवू नका, १५ मिनिटांच्या शीटची खालची कड वरच्या कडेपेक्षा आपल्याकडे अडतीसेक मीटर जास्त लांब असते, म्हणजे कागदावर पाऊण मिलिमीटर. पाच-पाच मिनिटांच्या रेघा जिथे छेदतात ते बिंदूही घ्या आणि पॉलिनॉमियल दोन ही शीट किंचित वाकवून बसवणारी पद्धत लावा. राजगड १८ अंश १५ मिनिटांच्या रेघेला अगदी चिकटून आहे, म्हणजे दोन शीटच्या सांध्यावरच, त्यामुळे तिथे कॉन्टूर जुळतायत का हे बघितलं की काम बरं झालं की नाही ते लगेच कळतं.

एवढं करूनही ट्रॅक तंतोतंत धारेवर आला नाही तर वैतागू नका, आणि हे जरा नीट वाचा कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच येणारे. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, बदलणं हे निव्वळ गणित आहे, सूत्र ठरलेलं, जाताना-येताना मिलिमीटरचाही फरक पडत नाही. डेटम, म्हणजे लंबगोल आणि तो कुठे बसवलाय ते, बदलणं मात्र मोजमापावर उभं आहे. ते २९५-७३६-२५७ आकडे सगळ्या भारत-नेपाळात मिळून फक्त सात ठिकाणी घेतलेल्या सॅटेलाइट निरीक्षणांवरून काढलेत आणि त्यांच्यापुढे १२, १० आणि १५ मीटरची अधिक-उणे लिहिलेली आहे. सॉफ्टवेअर ते अधिक-उणे दाखवत बसत नाही, दशांशानंतर आठ घरं छापून मोकळं होतं आणि आपल्याला वाटतं वा काय अचूक! तर तुमची शीट पंधरा-वीस मीटरच्या आत बसली तर खुशाल ट्रेकला जा, त्याहून जास्त त्या कागदात नाहीच.

जाता जाता, ज्यांना ग्रिडच्या मीटरमध्ये काम करायचंय त्यांच्यासाठी. एव्हरेस्टच्या त्याच लंबगोलाची त्रिज्या सॉफ्टवेअरमध्ये तीन-तीन वेगळी सापडते: ६३७७२७६.३४५, ६३७७३०१.२४३ आणि ६३७७२९९.१५१ मीटर. मूळ मोजणी फुटांत, आणि ते फूट मीटरमध्ये करताना १९३७, १९६२ आणि १९७५ ला वेगवेगळं गुणोत्तर धरलं गेलं. पहिली आणि दुसरी यांची अदलाबदल झाली की आपल्याकडे नॉर्दिंगमध्ये (उत्तरेकडच्या अंतराच्या आकड्यात) सात-आठ मीटर सहज जातात, आणि शोधत बसलात तर दिवस जातो.

मॅडम, सातबाऱ्यावर आमची जमीन १ हेक्टर ६० आर आहे. मी सॅटेलाइट इमेजवर बांधाबांधाने पॉलिगॉन काढला तर १.७९ हेक्टर येतंय. जवळजवळ १९ गुंठे जास्त! वडील म्हणतात मोजणीवाल्यांनी आपली जमीन कमी लावली, शेजाऱ्याशी बोलाचालीही झाली. खरं काय? (कृषी पदवीचा विद्यार्थी, लातूर जिल्हा)

आधी शेजाऱ्यांकडे जाऊन चहा प्या. १.७९ ला १.६० ने भागलं तर साधारण १.११९ येतं ना, तो लातूरच्या अक्षांशावर वेब मर्केटरचा क्षेत्रफळाचा फुगवटा आहे, जवळजवळ तोच आकडा. इंटरनेटवरचे बहुतेक सगळे नकाशे ईपीएसजी ३८५७ मध्ये असतात, आणि हे प्रोजेक्शन विषुववृत्तापासून लांब जाल तसं सगळं मोठं दाखवतं. लातुरात प्रत्येक बाजू साडेपाच-सहा टक्के लांब, क्षेत्रफळ साडेअकरा टक्क्यांच्या वर जास्त. नागपुरात याहून जास्त, लंडनमध्ये तर अडीचपटीच्या वर. ग्रीनलंड २१.६ लाख चौरस किलोमीटर आणि भारत ३२.९ लाख, पण मोबाइलवर नकाशा लहान करून बघा, ग्रीनलंडपुढे भारत एवढुसा दिसतो. यात कुणाचा डाव वगैरे काही नाही. मर्केटरने १५६९ साली हे काढलं ते जहाजवाल्यांसाठी, दिशेचा कोन बरोबर राहावा म्हणून, आणि वेबवाल्यांनी घेतलं कारण चौकोनी तुकडे पाडायला सोपं पडतं. शेत मोजायला ते कुणीच काढलेलं नाहीये.

लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये रिप्रोजेक्ट करा, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ यूटीएम झोन ४३ उत्तर. (यूटीएम म्हणजे जगाचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन, एकेक पट्टा म्हणजे झोन.) आता इथे हमखास एक गोष्ट होते: लेयरवर राइट क्लिक करून सेट लेयर सीआरएस करतात. त्याने काहीच बदलत नाही हो, आकडे तेच राहतात आणि वरची चिठ्ठी फक्त बदलते, मग शेत भलतीकडेच जाऊन पडतं. रिप्रोजेक्ट लेयर नावाचं वेगळं टूल आहे, ते नवीन फाइल करून देतं, ते वापरा. किंवा फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया घ्या, प्रोजेक्टमध्ये लंबगोल बरोबर निवडलेला असेल तर ते लंबगोलावरचंच क्षेत्रफळ देतं. बिनडॉलरचं एरिया, ज्याच्या कंसात जॉमेट्री लिहितात, ते लेयरच्या सपाट आकड्यांवर हिशोब करतं, तुमचा १.७९ बहुतेक तिथूनच आलाय.

लातूर यूटीएमच्या दृष्टीने नशीबवान जागेवर आहे. झोन ४३ ची मधली रेघ ७५ अंशावर, तिच्यावर सगळं हजार मीटरला ४० सेंटिमीटर लहान धरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना साधारण १८० किलोमीटरवर गेलं की प्रमाण बरोब्बर एक होतं. तुम्ही १६५ च्या आसपास आहात. म्हणजे तुमच्या १६,००० चौरस मीटरमध्ये प्रोजेक्शनची चूक दोनेक चौरस मीटरची, सोडून द्या.

पण मग उरलेली चूक कुठून येते तेही सांगते. तुमच्या शेताचा घेर पाचशे मीटरच्या आसपास असणार. इमेजवर माउसने रेघ ओढताना बांधाची आतली कड धरली की बाहेरची, यात एक मीटर इकडेतिकडे झालं तर पाचशे चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे गेले किंवा आले. त्यात इमेज स्वतःच काही मीटर सरकलेली असू शकते. म्हणून गुंठ्यांचं भांडण असेल तर इमेज बाजूला ठेवा आणि भूमी अभिलेखकडे रीतसर मोजणीचा अर्ज करा, हद्द कायम करणारी तीच.

आमच्या पाइपलाइनचा सर्व्हे अमरावतीपासून यवतमाळपर्यंत आहे. अर्ध्या टीमने डेटा झोन ४३ मध्ये दिला, अर्ध्या टीमने ४४ मध्ये. एकत्र केला तर लाइनचे दोन तुकडे, मध्ये सहाशे किलोमीटरची गॅप. कोणाचं बरोबर? (एक इंजिनियर)

दोघांचंही बरोबर आहे, आणि भांडत असतील तर दोघंही आपापल्या जागी खरे. यूटीएमचे झोन सहा-सहा अंशांचे. ४३ हा ७२ ते ७८ आणि ४४ हा ७८ ते ८४, आणि ती ७८ ची रेघ नेमकी अमरावती आणि यवतमाळच्या मधून जाते. प्रत्येक झोनमध्ये मधल्या रेघेला ईस्टिंग (पूर्वेकडच्या अंतराचा आकडा) ५ लाख धरतात, त्यामुळे त्या सीमेवरचा एकच दगड झोन ४३ मध्ये ८,१२,७०० च्या आसपास ईस्टिंगला असतो आणि झोन ४४ मध्ये १,८७,३०० ला. वजाबाकी करा, तुमची गॅप सापडली. नुसतं ईस्टिंग-नॉर्दिंग लिहून झोन लिहिला नाही की असं होतंच, आणि एक्सेलमध्ये तर झोनचा कॉलम कुणी ठेवतच नाही!

उपाय सोपा. सगळं एकाच झोनमध्ये आणा, ४३ मध्येच ठेवलं आणि यवतमाळच्या पुढे थोडं गेलं तरी चालतं. कुठल्याही सॉफ्टवेअरची भिंत तिथे नसते, फक्त लांबी जरा फुगते, सीमेवर किलोमीटरला ८० सेंटिमीटर, ७८.३ रेखांशाला मीटरभर. पाइपच्या ऑर्डरला हे चालेल की नाही ते तुम्ही ठरवा, नाहीतर ७८ लाच मधली रेघ धरून स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर बनवा, पाच मिनिटांचं काम आहे, पण मग त्याचे पॅरामीटर प्रत्येक ड्रॉइंगवर छापा. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा असेल तर यूटीएमच्या नादी लागू नका, राज्यासाठी लॅम्बर्ट कोनिकल आहे, ईपीएसजी ७७६७, देशासाठी ७७५५.

त्याच भागात काम आहे म्हणून सांगते. भारताची ती जगप्रसिद्ध त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली विल्यम लॅम्बटनने, तिचा मुख्य कणा याच ७८ रेखांशाच्या आसपासने उत्तरेला गेला, आणि लॅम्बटन वारला १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटात. त्याच्या मागून काम हातात घेतलं एव्हरेस्टने. झोनची सीमा तिथेच येणं हा निव्वळ योगायोग, पण साइटवर जाल तेव्हा हिंगणघाटची ती कबर बघून या.

ताई, बंधाऱ्यांची यादी गावोगावच्या मुलांकडून मागवली. नकाशावर टाकली तर काही बंधारे वीस-पंचवीस किलोमीटर लांब गेलेत आणि दोन-तीन चक्क युरोपच्या डोक्यावर समुद्रात! (एका संस्थेची कार्यकर्ती, पुणे जिल्हा)

समुद्रातले आधी. ते नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधे असणार, बेअर आयलंडच्या जवळपास. अक्षांश आणि रेखांश उलटे पडले की पुणे तिथे जातं: ७३.८५ उत्तर, १८.५२ पूर्व. मॅपच्या ॲपमध्ये अक्षांश आधी लिहितात आणि जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी, त्यामुळे ही उलटापालट रोजची आहे. कॉलम अदलाबदल करा, झालं.

वीस किलोमीटरवाले जास्त चिवट. १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद हे कुणीतरी १८.३११२ असं लिहिलंय. खरं तर ३१ भागिले ६० अधिक १२ भागिले ३६०० करून १८.५२ यायला हवं, फरक तेवीस किलोमीटरचा. ओळखायची युक्ती सांगते: त्या मुलाने दिलेल्या सगळ्या आकड्यांत पॉइंटनंतरचे पहिले दोन अंक कधीच ५९ च्या वर जात नसतील तर ते मिनिटं-सेकंदच आहेत. आणि दशांशानंतर पाच घरं पुरेत, पाचवं घर म्हणजे साधारण मीटरभर, मोबाइलचा जीपीएस उघड्यावरसुद्धा तीन-पाच मीटर चुकतो. मुलांना आठ-आठ घरं लिहायला लावू नका.

टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) दोन पॉइंटमधलं अंतर १००० मीटर आलं. त्याच पॉइंटचे आरटीके रोव्हरचे (सेंटिमीटरपर्यंत मोजणारा जीपीएस) यूटीएम आकडे घेऊन अंतर काढलं तर ९९९.७०. दोन्ही मशीन कॅलिब्रेट केलेली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जीपीएसवर विश्वास नाही. शिवाय रत्नागिरीच्या साइटवर समुद्राकाठी रोव्हर उणे साठ-पासष्ट मीटर उंची दाखवतो, म्हणजे आम्ही पाण्याखाली? (सर्व्हेअर, पुणे)

कॉन्ट्रॅक्टरला सांगा दोन्ही मशीन खरं बोलतायत. पुण्याला झोन ४३ मध्ये ग्रिडचं प्रमाण साधारण ०.९९९७८, म्हणजे किलोमीटरला २२ सेंटिमीटर कमी. वर पुणं उंचावर आहे, लंबगोलापासून पाचशे मीटरच्या जवळ, त्याचे अजून ८ सेंटिमीटर कमी. झाले ३०, तेच तुमचे गेलेले. टोटल स्टेशन जमिनीवरचं अंतर देतं, यूटीएम कागदावरचं. दोन्हीचा मिळून गुणक ०.९९९७० धरा, मशीनमध्ये टाकायची सोय असते ती वापरा. पण आकडे जमिनीच्या मापाला वाढवून घेतले तर त्यांच्या सुरुवातीचे एक-दोन अंक कापून टाका आणि ड्रॉइंगवर ठळक लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा कुणी ते यूटीएम समजून वापरतो आणि पूल शेजारच्या प्लॉटमध्ये येतो.

आणखी एक, जुने कंट्रोल पॉइंट (आधीच आकडे ठरलेले दगड) असतील तर ते कुठल्या सालचे आहेत ते बघा. आपली भारतीय प्लेट ईशान्येकडे वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकते, म्हणजे वीस वर्षांत मीटरभर. कॉर्स नेटवर्ककडून (कायम बसवलेल्या जीपीएस स्टेशनांचं जाळं) येणारा आकडा एका ठरावीक तारखेला बांधलेला असतो, तुमच्या दगडाचा आकडा दुसऱ्याच तारखेचा असला की तो मीटर तुमच्या कामात येऊन बसतो.

रत्नागिरीचं म्हणाल तर रोव्हर लंबगोलापासूनची उंची सांगतो, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा जगातला सगळ्यात मोठा खळगा आहे, तिथे समुद्राची पातळी लंबगोलाच्या शंभर मीटरच्याही खाली जाते, आणि त्याची उतरण कोकणापर्यंत येते. त्यामुळे आपल्याकडे किनाऱ्यावर उणे साठ-सत्तर दिसणं अगदी बरोबर. रोव्हरमध्ये जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटी लंबगोलापासून किती वर-खाली ते सांगणारं) चालू करा, आणि काम पाण्याच्या उताराचं असेल, गटार, कालवा वगैरे, तर मॉडेलवरही भिस्त ठेवू नका, जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या खुणेवरून) लेव्हल मशीन चालवून आणा.